सोळा तासांचा सल्ला, चोवीस तासांचा निर्णय: कामाचे तास कमी करण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या शहरातलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना इथे नुसतं 'ताई' म्हणते. सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. हे दर साधारणपणे दर एप्रिलला बदलतात, त्यामुळे हे वाचून कोणी आपला हिशेब करणार असेल तर चालू वर्षाचे दर घेऊनच करावा.

ताई चाळिशीच्या आसपासच्या. लग्न करून इंग्लंडला आल्या, पुढे नागरिकत्व मिळालं, काही वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. सात वर्षांचा एक मुलगा, त्याला ऑटिझम आहे. ताई एका औषधाच्या दुकानात प्रिस्क्रिप्शनची औषधं काढून, तपासून, पाकिटं भरून देण्याचं काम करतात. आठवड्याला ३५ तास, तासाला १३ पौंड. घर भाड्याचं. भाड्यापोटी युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना दर महिन्याला मिळणाऱ्या सरकारी मदतीत, महिन्याला ८५० पौंड धरले जात होते, वरचं भाडं त्या पदरचं भरत होत्या.

आधी त्यांना टॅक्स क्रेडिट ही जुनी सरकारी मदत मिळायची. एप्रिल २०२५ मध्ये ती योजना पूर्ण बंद झाली. त्याआधीच, २०२४ च्या शेवटी, ताईंना युनिव्हर्सल क्रेडिटवर आणलं गेलं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी मुलाला डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, म्हणजे अपंगत्वाचा भत्ता, मंजूर झाला. काळजीचा भाग मधल्या दराचा, आठवड्याला ७३.९० पौंड. ताईंनी ते लगेच कळवलं आणि त्यांच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये अपंग मुलासाठीचे महिना १५८.७६ पौंड वाढले. आता सगळं झालं, असं त्यांना वाटलं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण आपल्या लोकांत तिच्यावरून फार गोंधळ होतो. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा हक्क नाही अशी अट आहे, त्यांना हे प्रकरण लागू नाही. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, केअरर्स अलाउन्स (काळजी घेणाऱ्याला मिळणारा भत्ता) हे सगळं त्या अटीत येतं, आणि अट मोडून अर्ज केला तर पुढच्या व्हिसावर गदा येऊ शकते. शिवाय नोकरीच्या व्हिसावर असताना तास कमी केले तर स्पॉन्सरशिपच धोक्यात येऊ शकते. ताई ब्रिटिश नागरिक होत्या म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

अडचण

मुलाला शाळेनंतरच्या क्लबमध्ये ठेवणं जमेनासं झालं होतं. दुपारी सव्वातीनला शाळा सुटली की तो दमलेला असायचा. क्लबचा आवाज, गर्दी, दिव्यांचा झगमगाट त्याला सहन व्हायचा नाही. क्लबवाल्यांचा फोन आला की ताई काउंटर सोडून धावायच्या. मॅनेजर समजूतदार होती, पण औषधाच्या दुकानात दुपारनंतरच गर्दी वाढते. सकाळच्या सर्जरीतली, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यातली, प्रिस्क्रिप्शनं तेव्हाच येऊन पडतात. रात्री मुलगा दोन-तीनदा उठायचा. सकाळी त्याला कपडे घालून, खाऊ घालून शाळेच्या दारापर्यंत नेणं हेच मोठं काम होतं.

या काळात एका मैत्रिणीनं त्यांना सल्ला दिला. "अगं, सोळा तासांवर ये. केअरर्स अलाउन्स घे. बाकीचं सरकार भरून देतं. मी इतकी वर्षं तेच केलं."

मैत्रीण खोटं बोलत नव्हती. टॅक्स क्रेडिटच्या काळात एकट्या पालकाला वर्किंग टॅक्स क्रेडिट मिळण्यासाठी आठवड्याला किमान १६ तास काम लागायचं. त्यामुळे 'सोळा तास' हा आकडा एका पिढीच्या डोक्यात पक्का बसला. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये असा तासांचा उंबरठाच नाही. पगार वाढेल तशी रक्कम हळूहळू कमी होते, पगार घटेल तशी वाढते. दुसरीकडे केअरर्स अलाउन्सची कमाईची मर्यादा एप्रिल २०२५ पासून आठवड्याला १९६ पौंड झाली आणि ती राष्ट्रीय किमान वेतनावर, म्हणजे तासाला १२.२१ पौंडांवर, १६ तासांच्या कमाईशी जोडली गेली. त्यामुळे तोच जुना आकडा वेगळ्या कारणानं पुन्हा कानावर यायला लागला.

ताई मी जिथे स्वयंसेवक म्हणून बसते त्या सल्ला केंद्रात आल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये मॅनेजरला द्यायचं पत्र टाइप करून तयार होतं: आठवड्याला १६ तास, कायमचे. पत्र बरोबर लिहिलंय का एवढंच मी बघावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

पत्र मी बाजूला ठेवायला सांगितलं आणि आधी त्यांच्या युनिव्हर्सल क्रेडिटच्या खात्यातलं शेवटचं स्टेटमेंट उघडायला लावलं. माझा आग्रह नेहमी हाच असतो. कामाचे किती तास करायचे हा प्रश्न नंतरचा. आत्ता जे मिळायला हवं ते सगळं मिळतंय का, हे त्याच्या आधी बघायचं. स्टेटमेंटवर पाच ओळी असायला हव्या होत्या. होत्या चारच: मूळ भत्ता ४००.१४, मुलासाठी २९२.८१, अपंगत्वासाठी १५८.७६, घरभाड्यासाठी ८५० पौंड. केअरर एलिमेंटची, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटमधल्या काळजी घेणाऱ्यासाठीच्या भागाची, २०१.६८ पौंडांची ओळ नव्हतीच.

"पण मी पूर्णवेळ काम करते, मला केअरर कोण म्हणेल?" ताई म्हणाल्या.

हा गैरसमज मला इतक्या वेळा ऐकायला मिळतो की तो कोणाच्या तोंडी आला तरी आश्चर्य वाटत नाही. केअरर एलिमेंटसाठी दोन गोष्टी लागतात. ज्याची काळजी घेता त्याला ठरावीक अपंगत्व लाभ मिळत असावा, आणि तुम्ही आठवड्याला किमान ३५ तास त्याची काळजी घेत असाव्यात. केअरर्स अलाउन्सला असते तशी कमाईची वेगळी मर्यादा इथे नाही, आणि केअरर्स अलाउन्स घेतलेलाच असला पाहिजे असंही नाही. रात्री उठणं, सकाळची तयारी, संध्याकाळ, शनिवार-रविवार सगळं मोजलं जातं. आम्ही एका आठवड्याचे तास कागदावर मांडले. ते ३५ च्या कितीतरी वर गेले.

समोरचे पर्याय

मग एक-एक पर्याय घेऊन हिशेब केला. आधी हिशेबाची रीत सांगते. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मूल असलेल्या आणि घरभाड्याची रक्कम मिळणाऱ्या माणसाच्या निव्वळ पगारातले महिना ४११ पौंड आधी सोडून देतात. त्याला वर्क अलाउन्स म्हणतात. त्यापुढच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात. २०२१ च्या शेवटापर्यंत हाच दर ६३ पेन्स होता. खालच्या आकड्यांत नोकरीतली पेन्शन वर्गणी धरलेली नाही. चाइल्ड बेनिफिट आणि मुलाचा डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सही नाही, कारण ते कामाच्या तासांवर अवलंबून नसतात.

तेव्हाची स्थिती: ३५ तास, कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) कापून हातात सुमारे १,७१३ पौंड, युनिव्हर्सल क्रेडिट ९८६, एकूण महिना २,६९९.

तेच ३५ तास, पण केअरर एलिमेंट मिळाल्यावर: एकूण २,९००.

२४ तास, केअरर एलिमेंटसह: पगार १,२६७, युनिव्हर्सल क्रेडिट १,४३३, एकूण २,६९९.

१५ तास, केअरर एलिमेंटसह: पगार ८४५, युनिव्हर्सल क्रेडिट १,६६५, एकूण २,५१०.

पहिली आणि तिसरी ओळ ताईंनी दोनदा वाचली. हक्काची ओळ स्टेटमेंटवर आली तर आठवड्याचे ११ तास कमी करूनही घरात येणारा पैसा होता तेवढाच राहत होता. फरक महिन्याला एका पौंडाहून कमी.

दुसरा आकडाही मी त्यांना दाखवला, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे. २४ तासांपुढे काम केलेल्या प्रत्येक तासाचे १३ पौंड मिळतात, पण कर, नॅशनल इन्शुरन्स आणि युनिव्हर्सल क्रेडिटची कपात जाऊन हातात उरतात ४ पौंड २१ पेन्स. त्यातूनच जाण्या-येण्याचा खर्च आणि क्लबच्या फीमधला स्वतःचा वाटा द्यायचा. क्लबच्या फीचे ८५ टक्के युनिव्हर्सल क्रेडिट परत देतं, पण पैसे आधी भरावे लागतात आणि परतावा मागून येतो. स्थानिक कौन्सिल टॅक्सची (घरपट्टीसारख्या कराची) सवलतही बहुतेक ठिकाणी पगार वाढला की कमी होते. दमूनभागून केलेल्या अकरा तासांची ही खरी किंमत होती.

मग १५ किंवा १६ तासच का नकोत? इथे मैत्रिणीच्या सल्ल्याचा कस लागतो.

एकतर १६ तास बसतच नव्हते. १९६ पौंडांची मर्यादा किमान वेतनाच्या सोळा तासांवर बेतलेली आहे, पण ताईंना तासाला १३ पौंड मिळत होते. १६ तासांचे २०८ होतात. पेन्शन वर्गणीचा अर्धा भाग वजा करता येतो, तो करूनही आकडा मर्यादेच्या वरच राहत होता. केअरर्स अलाउन्समध्ये हळूहळू कपात नाही. मर्यादेच्या वर एक पौंड गेला तरी त्या आठवड्याचे सगळेच्या सगळे ८३.३० पौंड जातात. ते कोणाच्या लक्षात आलं नाही तर महिनोन् महिने जादा रक्कम साठत जाते आणि मग वसुलीचं पत्र येतं. अशा वसुलीत इतके लोक अडकले की ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारला लिझ सेस यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. पत्र तसंच दिलं असतं तर ताई पहिल्याच आठवड्यापासून त्या रांगेत गेल्या असत्या.

दुसरं म्हणजे, १५ तास करून मर्यादेत बसवलं असतं तरी त्यांना केअरर्स अलाउन्सचा उपयोग नव्हता. ज्याला युनिव्हर्सल क्रेडिट मिळतं त्याच्या रकमेतून केअरर्स अलाउन्स पौंडाला पौंड वजा होतो. एका हातानं आला की दुसऱ्या हातानं गेला. शिवाय केअरर्स अलाउन्स करपात्र आहे, युनिव्हर्सल क्रेडिट नाही. १५ तासांच्या पगारात केअरर्स अलाउन्स मिळवला तर वर्षाची करपात्र कमाई १२,५७० पौंडांच्या करमुक्त मर्यादेच्या वर जात होती, म्हणजे उलट थोडा कर बसला असता. सरकारी पेन्शनसाठीची नॅशनल इन्शुरन्सची नोंद युनिव्हर्सल क्रेडिटमुळेही होते, त्यामुळे तेही कारण उरत नव्हतं. ज्यांना युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही, उदाहरणार्थ बचत १६,००० पौंडांच्या वर आहे, त्यांच्यासाठी केअरर्स अलाउन्स मोलाचा आहे. ताईंच्या बाबतीत तो घेऊन हाती काही लागत नव्हतं.

तिसरं, पेन्शन. नोकरीतल्या पेन्शनमध्ये मालक आणि कामगार मिळून किमान आठ टक्के जातात, तेही ६,२४० पौंडांच्या वरच्या वार्षिक कमाईवर. ३५ तासांवर वर्षाला सुमारे १,३९४ पौंड साठत होते, २४ तासांवर ७९९ साठले असते, १५ तासांवर ३१२. महिन्याचा हिशेब करताना हा आकडा कोणी बघत नाही, आणि बायकांच्या म्हातारपणी तोच भोवतो. पुढे कधी नोकरी गेली तर रिडंडन्सीची रक्कमही कमी झालेल्या पगारावरच मोजली जाते.

आणखी एक पर्याय मी मांडला: तास तसेच ठेवून रजेवर काही महिने काढायचे. एप्रिल २०२४ पासून काळजी घेणाऱ्या नोकरदाराला वर्षात एक आठवडा बिनपगारी केअरर्स लीव्ह मिळते. त्याशिवाय पालकांची बिनपगारी रजा मुलामागे एकूण १८ आठवडे, वर्षाला जास्तीत जास्त चार. एरवी ती पूर्ण आठवड्यांनीच घ्यावी लागते, पण मुलाला डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स मिळत असेल तर एक-एक दिवसही घेता येते. ताईंना हे ठाऊक नव्हतं. पण रोजच्या सव्वातीनच्या प्रश्नाला रजा हे उत्तर नव्हतं. मुलगा रोज लवकर घरी येणार होता, महिन्यातून दोनदा नव्हे.

आणि काहीच न बदलण्याचाही पर्याय होताच. केअरर एलिमेंट घ्यायचं, ३५ तास चालू ठेवायचे, महिन्याला दोनशे पौंड जास्त. ताईंनी तो बराच वेळ मनात घोळवला. सरकारी पैशांवर राहणं त्यांना लाजिरवाणं वाटत होतं. माहेरी हे कळलं तर काय म्हणतील, हेही बोलून गेल्या. मी माझं मत स्पष्ट सांगितलं. युनिव्हर्सल क्रेडिट काम करणाऱ्यांनाही मिळावं अशीच त्याची रचना आहे. अपंग मुलाची आठवड्याला पस्तीसहून जास्त तास काळजी घेणारी आई काम करतच असते, फक्त त्या कामाची पगारपत्रिका निघत नाही. निर्णय मात्र त्यांचा होता, आणि तो त्यांनी तिथे बसून घेतला नाही, हे मला आवडलं.

काय केलं आणि कोणत्या क्रमानं

या प्रकरणात क्रमाला सगळ्यात जास्त महत्त्व होतं, म्हणून इथे जरा थांबते.

स्वतःहून, सबळ कारणाशिवाय पगार कमी करून घेतला तर युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये दंड होऊ शकतो, आणि तो सगळ्यात वरच्या दर्जाचा: पहिल्या वेळी ९१ दिवस. एकट्या पालकाचं मूल सात वर्षांचं असेल तर त्याच्याकडून आठवड्याला ३० तासांपर्यंत कामाची अपेक्षा धरली जाते. पण गंभीर अपंगत्व असलेल्या व्यक्तीची ३५ तास काळजी घेणाऱ्यावर कामासंबंधी कोणतीही अट राहत नाही. म्हणजे आधी केअरर म्हणून नोंद, मग तासांत कपात. उलट केलं असतं तर ताईंना वर्क कोचपुढे, म्हणजे जॉबसेंटरच्या अधिकाऱ्यापुढे, बसून सबळ कारण सिद्ध करत बसावं लागलं असतं.

म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी खात्यात बदल नोंदवला: मी माझ्या मुलाची आठवड्याला ३५ तासांहून जास्त काळजी घेते. फायद्याचा बदल उशिरा कळवला तर सर्वसाधारणपणे ज्या असेसमेंट पिरियडमध्ये (हिशेबाच्या महिन्यात) कळवला त्याच्या सुरुवातीपासून धरतात. उशिराचं सबळ कारण असेल तर जास्तीत जास्त १३ महिन्यांपर्यंत मुदतवाढ मागता येते. ताईंनी जर्नलमध्ये, म्हणजे खात्यातल्या संदेशांच्या जागी, तशी विनंती लिहिली. ती मान्य झाली नाही, आणि त्यांना पुढे भांडत बसण्याची इच्छा नव्हती. नवी रक्कमसुद्धा पहिल्या महिन्यात आली नाही. मुलाच्या मंजुरीचं पत्र पुन्हा मागितलं गेलं, आणि पुढच्या हप्त्यात दोन्ही महिन्यांचे पैसे एकदम आले.

या टप्प्यावर एक विषय निघाला जो पत्रापेक्षाही मोठा होता. बोलता बोलता ताई म्हणाल्या, पुण्यातल्या फ्लॅटवर आईबरोबर माझंही नाव आहे, ते कुठे लिहायचं असतं का? टॅक्स क्रेडिटला मालमत्तेची मर्यादा नव्हती, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नव्हता. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये १६,००० पौंडांच्या वर भांडवल असेल तर एक पैसाही मिळत नाही, आणि भारतातली मालमत्ता, भारतातली ठेव हे सगळं भांडवलच. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "नाही सांगितलं तर कोणाला कळणार?" असं विचारून त्या लगेच गप्प झाल्या.

सांगायलाच हवं, हे मी म्हटलं. नियमही त्यांच्या बाजूनं होता. पेन्शनच्या वयाला पोचलेला जवळचा नातेवाईक ज्या घरात स्वतःचं घर म्हणून राहतो, ते घर भांडवलात धरत नाहीत. ताईंच्या आई ७१ वर्षांच्या, त्या फ्लॅटमध्येच राहतात. ताईंनी जर्नलमध्ये फ्लॅट, त्यातला हिस्सा, आईचं वय आणि तिथलं वास्तव्य सगळं लिहून टाकलं. आईचं आधार कार्ड आणि सोसायटीचं पत्र मागवलं गेलं, ते दिलं. हिस्सा वगळला गेला. आई तिथे राहत नसेल त्या दिवशी हे चित्र बदलेल, आणि ते त्यांनी तेव्हाच कळवायचं आहे.

टॅक्स क्रेडिटवरून आलेल्यांनी आणखी एक ओळ तपासावी, ती म्हणजे ट्रांझिशनल एलिमेंट, जुन्या योजनेतून येताना रक्कम घटू नये म्हणून मिळणारा भाग. ताईंना ते नव्हतं. असतं तर केअरर एलिमेंट आल्यावर ते तेवढ्यानं कमी झालं असतं आणि वरचा हिशेब फसला असता.

केअरर म्हणून नोंद पक्की झाल्यावरच मॅनेजरला पत्र गेलं, नव्यानं लिहिलेलं. एप्रिल २०२४ पासून कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे, वर्षात दोनदा मागता येतं, आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. कायद्यात दिलेल्या आठ कारणांपैकी एखादं असेल तरच तो नाही म्हणू शकतो, तेही आधी बोलणी करून. मंजूर झालेला बदल मात्र कायमचा असतो, वेगळं ठरलं नसेल तर. मागच्या पत्रात 'कायमचे' हा शब्द ताईंनी स्वतः घातला होता. नव्या पत्रात सहा महिन्यांची चाचणी मागितली, त्यानंतर दोघांनी मिळून आढावा, आणि तोवर जुने ३५ तास करारात शाबूत.

मॅनेजरला दुपारची माणसं हवी होती. थोडी ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं: सोमवार, बुधवार, गुरुवार नऊ ते अडीच, मंगळवारी पूर्ण दिवस पाचपर्यंत, शुक्रवारी सुट्टी. चोवीस तास. मंगळवारी मुलाला शाळेतून त्याचे वडील घेऊन जातात. मुलासाठी ते जे पैसे देतात त्याचा युनिव्हर्सल क्रेडिटवर परिणाम होत नाही. या पोटगीमुळे रक्कम कापली जाईल अशी भीती ताईंना विनाकारण होती.

निष्पत्ती

नवे तास १ ऑक्टोबरपासून सुरू झाले. पगार २८ तारखेला, भाडं १ तारखेला, युनिव्हर्सल क्रेडिट १८ तारखेला. २८ ऑक्टोबरला पगार ४४६ पौंडांनी कमी आला. त्याची भरपाई म्हणून वाढलेलं युनिव्हर्सल क्रेडिट १८ नोव्हेंबरला येणार होतं, कारण आधी असेसमेंट पिरियड संपतो, मग हिशेब होतो, मग आठवड्यानं पैसे येतात. मधले तीन आठवडे बऱ्याच घरांना आडवे करतात. ताईंकडे तोवर केअरर एलिमेंटचे चार महिन्यांचे सुमारे आठशे पौंड बाजूला होते, ते कामी आले. आधी हक्काचे पैसे आणि मग तासांत कपात, या क्रमाचा हा दुसरा फायदा.

क्लब बंद झाला. मुलगा तीन दिवस शाळेतून थेट घरी येतो, शुक्रवारीही आई दारात असते. शुक्रवारची सकाळ स्पीच थेरपी, शाळेच्या बैठका, फॉर्म यांत जाते. ताईंची झोप अजूनही तुटकच आहे. तास कमी झाल्यानं ती बदलली नाही, आणि बदलेल अशी अपेक्षाही कोणी देऊ नये.

डिसेंबरमध्ये दुकानात माणसं कमी पडली तेव्हा त्यांनी काही जादा तास केले. पुढच्या हप्त्यात युनिव्हर्सल क्रेडिट कमी आलं तेव्हा घाबरून फोन केला. हिशेब बरोबर होता. पण जादा तासांचे हातात जेमतेम चार पौंड पडतात हे कागदावर वाचणं वेगळं आणि खात्यात बघणं वेगळं. तेव्हापासून त्या जादा तासांना विचार करून हो म्हणतात.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाच्या डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सचं पत्र आलं त्याच दिवशी केअरर म्हणून नोंद व्हायला हवी होती. मुलाचा लाभ कळवणं आणि स्वतः काळजीवाहक असल्याचं कळवणं या खात्यात दोन वेगळ्या नोंदी आहेत. एक केली की दुसरी आपोआप होत नाही. ताईंचे यात काही महिन्यांचे, महिना दोनशे पौंडांच्या हिशेबानं पैसे गेले. मुदतवाढ नाकारली तेव्हा एक महिन्याच्या आत फेरविचार मागता आला असता. मी असते तर मागितला असता.

पेन्शनचा विषय मी पहिल्याच बैठकीत काढला होता, पण निर्णय पुढे ढकलला गेला. तास कमी होताच त्या महिन्यापासून वर्गणी वाढवणं शहाणपणाचं ठरलं असतं. पेन्शन वर्गणी युनिव्हर्सल क्रेडिटच्या हिशेबात पगारातून पूर्ण वजा होते. वर्गणी कराआधी कापली जात असेल तर पेन्शनमध्ये घातलेल्या शंभर पौंडांमागे ताईंच्या खिशातून प्रत्यक्षात सुमारे ३६ पौंडच जातात: वीस कराचे वाचतात, चव्वेचाळीस युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये परत येतात. इतकी स्वस्त बचत त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार नाही. आता जानेवारीत त्यांनी ती थोडी वाढवली आहे.

चोवीसच का, वीस का नाही, यावर मी त्यांच्याशी अजून बोलायला हवं असं मला वाटत नाही, पण मैत्रिणीनं विचारलं म्हणून ताईंनी विचारलं. उत्तर मुलाच्या पुढच्या फॉर्ममध्ये आहे. डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सची मुदत संपल्यावर नूतनीकरण करावं लागेल. त्यात काळजीचा भाग मधल्या दरावरून खालच्यावर आला तर केअरर एलिमेंट बंद होईल आणि कामाच्या अटींतून मिळालेली सूटही जाईल. त्या वेळी बघितलं जातं की महिन्याचा एकूण पगार ९५२ पौंडांच्या वर आहे का. वर असेल तर वर्क कोचच्या नियमित फेऱ्या आणि जास्त काम शोधण्याचा तगादा लागत नाही. चोवीस तासांचे १,३५२ होतात. वीसचे १,१२७, तेही चालतील, पण किमान वेतन वाढलं की ही रेषाही वर सरकते आणि ताईंचा पगार तितक्याच वेगानं वाढेल याची खात्री नाही. पंधरा तासांचे ८४५ आजच त्या रेषेच्या खाली आहेत. नूतनीकरणाच्या फॉर्मसाठी ताई आता रात्रीच्या नोंदी एका वहीत ठेवतात: किती वाजता उठला, किती वेळ जागा होता, काय करावं लागलं.